सर्व्हे प्रोजेक्टसाठी चांगला संशोधन प्रश्न कसा तयार करायचा? देवळाली कॅम्पच्या उदाहरणातून समजून घ्या

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर प्रोजेक्टच्या विषयांची यादी लागते. ‘पाण्याची समस्या : एक अभ्यास’, ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’, ‘स्वच्छतेविषयी जनजागृती’. चार-पाच जणांचा ग्रुप ठरतो. कुणीतरी रात्रीतून गूगल फॉर्म बनवतं, तो व्हॉट्सॲपवर फिरतो, पन्नास-साठ उत्तरं जमा होतात, पाय चार्ट निघतो आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष येतो : ‘बहुतांश नागरिकांना पाण्याचं महत्त्व पटलेलं आहे.’

फाइल जमा होते, मार्कही मिळतात. पण या सर्व्हेतून नवीन काय कळलं? ‘मला पाण्याचं महत्त्व पटलेलं नाही’ असं सांगणारा एक तरी माणूस सापडला असता का?

गडबड प्रश्नावलीत दिसते, पण ती सुरू होते त्याच्याही आधी. ग्रुपकडे विषय होता, प्रश्न नव्हता.

हा मुद्दा आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात प्रकल्प करावा लागतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडणारे उपक्रम आले आहेत. स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. म्हणजे दरवर्षी हजारो विद्यार्थी हातात कागद घेऊन लोकांच्या दारात उभे राहणार आहेत. त्यांनी नेमकं काय शोधायचं, हे आधी कसं ठरवायचं? नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पचं उदाहरण घेऊन हे पाहूया.

संशोधन प्रश्न आणि प्रश्नावलीतला प्रश्न यात फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. संशोधन प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा असतो. प्रश्नावलीतले प्रश्न लोकांना विचारायचे असतात. पहिला एक असतो, फार तर दोन. दुसरे दहा-पंधरा असू शकतात, पण त्यातला प्रत्येक प्रश्न पहिल्याचं उत्तर मिळवण्यासाठीच असला पाहिजे.

उदाहरणार्थ, ‘देवळाली कॅम्पमध्ये भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना नळाचं पाणी सारखंच मिळतं का?’ हा संशोधन प्रश्न झाला. तो जसाच्या तसा कुणाच्या दारात विचारता येणार नाही, कारण कोणत्याही एका घराला त्याचं उत्तर माहीत नसतं. त्या घराला विचारायचे प्रश्न वेगळे : घर स्वतःचं की भाड्याचं? काल नळाला पाणी आलं होतं का? किती वेळ आलं? साठवायला टाकी आहे का? मागच्या आठवड्यात पाणी विकत घ्यावं लागलं का?

अशा शंभर घरांची उत्तरं एकत्र केली की मूळ प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं. ज्या प्रश्नाच्या उत्तराचा मूळ प्रश्नासाठी काहीच उपयोग नाही, तो प्रश्नावलीतून काढून टाकायचा. ‘तुमचा धर्म कोणता?’, ‘तुमचं वार्षिक उत्पन्न किती?’ हे प्रश्न अनेक फॉर्ममध्ये केवळ सवयीने येतात. पुढे त्यांचं काही होत नाही, पण समोरचा माणूस मात्र सावध होतो.

विषयापासून प्रश्नापर्यंत कसं जायचं?

विषय रुंद असतो, प्रश्न अरुंद. रुंदी कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे चार गोष्टी ठरवणं : कोण, कुठे, कधी आणि नेमकं काय.

‘देवळालीतलं पर्यटन’ हा विषय घ्या. कोरडी, आल्हाददायक हवा म्हणून देवळालीला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. पारशी, गुजराती, जैन समाजांनी इथे सॅनिटोरियम आणि आरोग्यधाम उभारली. विषय रंजक आहे, पण एवढ्यावर सर्व्हे होत नाही. तो असा अरुंद करता येईल :

- विषय : देवळालीतलं पर्यटन
- थोडं पुढे : पर्यटनाचा स्थानिक व्यवसायावर परिणाम
- आणखी पुढे : लॅम रोडवरच्या छोट्या दुकानदारांचा धंदा पर्यटकांवर किती अवलंबून आहे?
- प्रश्न : लॅम रोडवरच्या खाण्याच्या आणि किराणा दुकानदारांच्या मते, दिवाळीच्या सुट्टीतल्या आठवड्यात त्यांच्या गिऱ्हाइकांत बाहेरगावचे लोक साधारण किती असतात, आणि दोन्ही प्रकारच्या दुकानांत त्यात फरक आहे का?

शेवटचा प्रश्न वाचायला कोरडा वाटतो. पण तो हातात आला की कुठे जायचं, कुणाला भेटायचं, काय विचारायचं हे आपोआप ठरतं. पहिल्या ओळीतून यातलं काहीच ठरत नाही.

‘देवळाली’ म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्नातला प्रत्येक शब्द नीट ठरवावा लागतो, अगदी गावाचं नावही. देवळाली कॅम्प हा कॅन्टोन्मेंट म्हणजे छावणी भाग आहे. त्याचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्ड पाहतं. देवळाली गाव मात्र नाशिक महापालिकेत येतं, कारण १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा नाशिकरोड-देवळाली नगरपालिका तिच्यात विलीन झाली. शिवाय देवळाली नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे, तो या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठा. आणि अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे ती वेगळीच.

‘देवळालीतल्या नागरिकांचं मत’ एवढंच लिहून गूगल फॉर्म पाठवला, तर एका उत्तरामागे महापालिकेचं पाणी असेल आणि दुसऱ्यामागे कॅन्टोन्मेंटचं. दोघांची बेरीज केली की ती ना इकडची राहते, ना तिकडची.

आणखी एक अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत देवळाली कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या ५४,०२७ होती. पण त्यात लष्करी भागात राहणारे लोकही येतात. इथे स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, त्यामुळे लष्कराची वस्ती मोठी आहे. विद्यार्थी तिथे सर्व्हेसाठी जाऊ शकत नाहीत. म्हणून प्रश्नातच स्पष्ट लिहायचं : ‘देवळाली कॅम्पच्या नागरी भागात राहणारी कुटुंबं’. मर्यादा आधी मान्य केली की निष्कर्ष खरा राहतो.

प्रश्न चांगला आहे हे ओळखायचं कसं?

प्रश्न लिहून झाला की त्याला या पाच कसोट्या लावून बघता येतील.

१. उत्तर आधीच माहीत आहे का? ‘स्वच्छता महत्त्वाची आहे का?’ याचं उत्तर विचारण्याआधीच ठाऊक आहे. उत्तर एकापेक्षा जास्त प्रकारचं येऊ शकतं, असाच प्रश्न विचारण्याजोगा असतो.

२. हे लोकांना विचारून कळण्यासारखं आहे का? दारणा नदीचं पाणी किती प्रदूषित आहे, हे प्रयोगशाळेत कळेल. सर्व्हेतून एवढंच कळेल की लोकांना ते कसं वाटतं आणि ते पाणी कशासाठी वापरतात. तसंच, बोर्डाचा वर्षाचा खर्च किती हे अंदाजपत्रकात सापडतं. त्यासाठी लोकांना त्रास द्यायची गरज नाही.

३. ज्याला विचारणार, त्याला उत्तर माहीत आहे का? घरात पाणी कोण भरतं? बहुतेक ठिकाणी बाई. दार उघडणारा पुरुष ‘पाणी व्यवस्थित येतं’ म्हणून मोकळा होईल. पहाटे साडेपाचला उठून हंडे कोण भरतं, ते त्याच्या उत्तरात येणारच नाही.

४. वेळेत होईल का? दोन महिने, पाच विद्यार्थी, परीक्षा तोंडावर. प्रत्येकाने वीस घरं केली तर शंभर होतील. प्रश्न तेवढ्यात बसला पाहिजे.

५. उत्तर मिळालं तर कुणाला काही उपयोग आहे का? ‘कोणत्या गल्लीत पाणी कमी वेळ येतं’ याचं उत्तर बोर्डाच्या पाणीपुरवठा विभागाला, स्थानिक वर्तमानपत्राला, त्या गल्लीतल्या लोकांना उपयोगी पडू शकतं.

याच्या जोडीला प्रश्नाचा प्रकारही पाहायला हवा. ‘किती?’, ‘कसं?’ असं विचारणारे वर्णनाचे प्रश्न सोपे असतात. ‘या गटात आणि त्या गटात फरक आहे का?’ हे तुलनेचे प्रश्न थोडे अवघड, पण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी उत्तम. ‘अमुकमुळे तमुक झालं का?’ हे कारणाचे प्रश्न एकदाच केलेल्या सर्व्हेतून सुटत नाहीत. जास्त मोबाइल वापरणाऱ्या मुलांना कमी मार्क असल्याचं दिसलं, तरी मोबाइलमुळे मार्क कमी झाले की अभ्यासात मन लागेना म्हणून मोबाइल हातात आला, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द लिहिण्याआधी दोनदा विचार करावा.

महाराष्ट्रातले जुने सर्व्हे काय शिकवतात?

नेमक्या प्रश्नाची ताकद बघायची तर शंभर वर्षं मागे जावं लागेल. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाचा अभ्यास केला. तो १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आला. आज तिथे टॉवर उभे आहेत, तेव्हा ते शेतीचं गाव होतं. ‘भारतीय शेतीच्या समस्या’ असा अवाढव्य विषय न घेता मान यांनी एका गावात कुणाकडे किती जमीन आहे आणि तेवढ्यावर कुटुंबाचं भागतं का, हे घरोघरी तपासलं. जुनी दप्तरं आणि स्वतःची पाहणी जोडून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीनधारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. प्रश्न एका गावापुरता होता, पण शेतजमिनीच्या तुकडेकरणाच्या चर्चेत हा आकडा पुढे अनेक वर्षं दिला गेला.

पुण्यातच १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संस्थेने शहराची फेरपाहणी केली, ती १९५६ मध्ये आली. लोकांचे रोजगार आणि कमाई कशी बदलली, हे त्यातून मांडता आलं. कारण आधी काय मोजलं होतं आणि कसं, हे स्पष्ट लिहून ठेवलेलं होतं. कॉलेजलाही हे करता येईल. यंदाच्या बॅचने विचारलेले प्रश्न जपून ठेवले आणि तीन वर्षांनी दुसऱ्या बॅचने तेच विचारले, तर दोन साध्या प्रोजेक्टमधून बदलाची गोष्ट तयार होते.

तिसरं उदाहरण अलीकडचं. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ हा अहवाल २००५ पासून येतो. ग्रामीण भारतातली मुलं शाळेत आहेत का आणि त्यांना साधं वाचता येतं का, साधं गणित येतं का, एवढेच त्याचे मूळ प्रश्न. इथे एक हुशारी आहे. ‘तुमच्या मुलाला वाचता येतं का?’ असं पालकांना विचारलं, तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. म्हणून स्वयंसेवक मुलासमोर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असलेला कागद ठेवतात आणि त्याला वाचायला सांगतात. दुसरं म्हणजे ही पाहणी घरी जाऊन होते. ती शाळेत केली असती, तर शाळेत न येणारं मूल मोजलंच गेलं नसतं.

प्रश्नावली लिहिताना नेहमी काय चुकतं?

संशोधन प्रश्न पक्का झाला की लोकांना विचारायचे प्रश्न लिहायचे. इथे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात.

एका प्रश्नात दोन प्रश्न : ‘रस्ते आणि दिवाबत्तीबाबत तुम्ही समाधानी आहात का?’ रस्ता चांगला आणि दिवे बंद असतील तर माणसाने काय सांगायचं? प्रश्न दोन करा.

उत्तर सुचवणारा प्रश्न : ‘वाढत्या कचऱ्यामुळे आरोग्य धोक्यात आलं आहे, असं तुम्हाला वाटत नाही का?’ यावर ‘नाही वाटत’ म्हणायला धाडस लागतं. त्याऐवजी : ‘मागच्या सात दिवसांत कचऱ्याची गाडी तुमच्या गल्लीत किती वेळा आली?’

गृहीत धरलेली गोष्ट : ‘तुम्ही ओला-सुका कचरा वेगळा कधीपासून करता?’ आधी करतात का, ते तर विचारा.

मोघम शब्द : ‘तुम्ही नियमित बसने प्रवास करता का?’ एकाला नियमित म्हणजे रोज, दुसऱ्याला महिन्यातून दोनदा. ‘मागच्या सात दिवसांत किती दिवस बसने गेलात?’ असं विचारलं की सगळे एकाच मापाने उत्तर देतात.

एकमेकांवर चढणारे पर्याय : वय १८ ते २५, २५ ते ३५. पंचवीस वर्षांच्या माणसाने कुठे खूण करायची?

लाजेखातर येणारं उत्तर : ‘तुम्ही रस्त्यावर कचरा टाकता का?’ याला खरं उत्तर क्वचित मिळतं. ‘काल घरातला कचरा कुठे टाकला?’ असं विचारून पर्याय दिले तर खऱ्याच्या जास्त जवळ जाता येतं.

किती दिवसांपूर्वीचं विचारायचं, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावरून देशात मोठा वाद झाला आहे. १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ५५व्या फेरीत कुटुंबांना खाण्यावरचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा अशा दोन्ही प्रकारे विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला असावा, असं अनेक अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं. मग आधीच्या फेऱ्यांशी तुलना करून देशातली गरिबी किती कमी झाली हे सांगता येतं का, यावर कितीतरी वर्षं चर्चा चालली. एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे अवघड गेलं, ते कॉलेजच्या ग्रुपने हलक्यात घेऊ नये.

शब्दांनीही उत्तर बदलतं. १९४० च्या सुमाराला अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का?’ असं विचारल्यावर ६२ टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले. दुसऱ्या गटाला ‘बंदी घालावी का?’ असं विचारलं, तेव्हा ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. अर्थ जवळपास एकच, पण ‘बंदी’ हा शब्द जड पडला.

एक पूर्ण उदाहरण : ‘देवळाली कॅम्प महापालिकेत जावं का?’

आता एक खरा, गावात चर्चेत असलेला विषय घेऊ. संरक्षण मंत्रालयाने देशातल्या कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग वेगळा काढून स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याचं धोरण पुढे आणलं. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातलं योल कॅन्टोन्मेंट रद्द झालं. त्याच वर्षी ३० एप्रिलला देशभरातल्या ५७ कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका होणार होत्या, त्याही मार्चमध्ये रद्द करण्यात आल्या. आधीच्या निवडणुका २०१५ मध्ये झाल्या होत्या. देवळाली कॅम्पमध्येही नागरी भागाचं पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी पोहोचला. घरपट्टी, पाणी, बांधकामाची परवानगी, निवडून दिलेला नगरसेवक या सगळ्याशी तो जोडलेला आहे.

एखाद्या ग्रुपला यावर सर्व्हे करावासा वाटणं साहजिक आहे. पहिला मसुदा बहुधा असा असेल : ‘देवळाली कॅम्प महापालिकेत विलीन व्हावं असं तुम्हाला वाटतं का? हो / नाही.’

यात तीन अडचणी आहेत. पहिली, पर्याय फक्त दोन नाहीत. महापालिकेत जाणं, शेजारच्या भगूरबरोबर नगरपरिषद होणं, आहे तसंच राहणं आणि ‘अजून ठरवलेलं नाही’ अशी चार उत्तरं संभवतात. दुसरी, ‘विलीन’ म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं आहे. एकाला कर वाढेल असं वाटतं, दुसऱ्याला घर वाढवता येईल असं. तिसरी, ‘५५ टक्के हो’ असा आकडा छापून आला की तो जनमत म्हणून फिरायला लागतो. कुणीतरी तो निवेदनाला जोडतं, कुणीतरी भाषणात वापरतं. साठ जणांच्या व्हॉट्सॲप फॉर्मवर एवढं ओझं टाकणं धोक्याचं आहे.

मग चांगला संशोधन प्रश्न कोणता? एक शक्यता अशी : ‘देवळाली कॅम्पच्या नागरी भागातले घरमालक आणि भाडेकरू यांना प्रशासन बदललं तर कोणत्या सेवेत फरक पडेल असं वाटतं, आणि दोन्ही गटांच्या अपेक्षांत फरक आहे का?’

हा प्रश्न कौल मागत नाही. तो लोकांच्या मनात काय आहे ते समजून घेतो, आणि तुलना असल्यामुळे उत्तर आधीपासून माहीत नाही. त्यातून निघणारे प्रश्न असे असू शकतात :

- हे घर तुमच्या मालकीचं आहे की भाड्याचं? (मालकीचं / भाड्याचं / नोकरीमुळे मिळालेलं / इतर)
- या भागात किती वर्षांपासून राहता?
- मागच्या वर्षभरात कोणत्या कामासाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या कार्यालयात गेला होतात? (गेलो नाही / पाणी / घरपट्टी / जन्म-मृत्यू दाखला / बांधकाम / इतर)
- नागरी भागाच्या प्रशासनात बदल होण्याच्या चर्चेबद्दल ऐकलं आहे का?
- असा बदल झाला तर पाणीपुरवठा सुधारेल, बिघडेल, तसाच राहील की सांगता येत नाही? (हाच प्रश्न घरपट्टी, रस्ते, दवाखाना, बांधकाम परवानगी यांसाठी वेगवेगळा)
- यातली कोणती एक गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे?

क्रमही पाहा. आधी सोप्या, घडलेल्या गोष्टी, मग मत. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवलेला आहे, कारण तेही खरं उत्तर असतं. निम्मे लोक तसं म्हणाले तर ‘माहितीच पोहोचलेली नाही’ हाच मोठा निष्कर्ष ठरेल.

विचारायचं कुणाला?

प्रश्न उत्तम असूनही माणसं चुकीची निवडली तर सगळं वाया जातं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट दणदणीत मतांनी जिंकले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू नव्हत्या ते यादीतच नव्हते. शिवाय ज्यांना उत्तर द्यायची हौस होती त्यांनीच ते दिलं.

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला फॉर्म ही त्याचीच छोटी आवृत्ती आहे. त्यात आजी-आजोबा नसतात, स्मार्टफोन नसलेले नसतात, रात्रपाळी करणारे नसतात.

घरोघरी जाताना साधा नियम लावता येतो. कायद्यानुसार ५० हजारांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या कॅन्टोन्मेंट बोर्डात आठ लोकनियुक्त सदस्य असतात, देवळाली त्याच श्रेणीत येतं. वॉर्डांच्या यादीतून प्रत्येक वॉर्डात दोन-तीन गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि गल्लीत प्रत्येक पाचव्या घरी जायचं. घर बंद असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचं. शेजारचं उघडं दार गाठायचं नाही, कारण दिवसा घरी असणारी माणसं आणि नसणारी माणसं वेगळी असतात.

किती घरं पुरतील? शंभर जण चिठ्ठ्या टाकून निवडले असतील, तर टक्केवारीत साधारण १० टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. चारशे घेतले तर ५ टक्के. म्हणून शंभर घरांच्या सर्व्हेत ५२ विरुद्ध ४८ आलं, तर ‘बहुमत’ हा शब्द वापरू नये. आणि हा हिशोब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांनाच लागू होतो, ओळखीच्यांना नाही.

शिक्षकांनी किती मदत करायची?

शिक्षकांनीच तयार प्रश्न दिला तर काम लवकर होतं, पण विद्यार्थी शिकत नाहीत. ‘तुमचं तुम्ही ठरवा’ म्हणून सोडून दिलं तर पुन्हा ‘एक अभ्यास’वर गाडी येते. यातला मधला मार्ग म्हणजे उत्तर न देता प्रश्न विचारत राहणं. विद्यार्थी म्हणतो, ‘सर, आम्हाला बिबट्यावर करायचंय.’ दारणा काठच्या गावांमध्ये बिबट्याची भीती खरी आहे, त्यामुळे विषय त्याच्या मनातला आहे. तिथून पुढे :

- ‘बिबट्याबद्दल तुला काय कळत नाही, जे कळून घ्यायचंय?’
- ‘हे कुणाला माहीत असेल?’
- ‘तो माणूस काय उत्तर देईल असं तुला वाटतं? वेगळं उत्तर येऊ शकतं का?’
- ‘उत्तर मिळाल्यावर तू कुणाला सांगशील?’

अशा दहा मिनिटांच्या बोलण्यातून ‘बिबट्या : एक समस्या’ याचं ‘बिबट्याच्या भीतीमुळे गावातल्या मुलींच्या क्लासच्या वेळा बदलल्या आहेत का?’ असं रूप होऊ शकतं. विषय त्याचाच राहतो, फक्त टोकदार होतो.

वर्गात करण्यासारखा आणखी एक उपाय म्हणजे ग्रुपनी एकमेकांची प्रश्नावली भरणं. स्वतःच्या फॉर्ममधली चूक दिसत नाही, दुसऱ्याच्या लगेच दिसते. त्यानंतर बाहेरच्या पाच जणांवर चाचणी घ्यायची. एखादा प्रश्न ऐकून लोक ‘म्हणजे?’ असं विचारत असतील, तर प्रश्न बदलायचा.

दार वाजवण्याआधी

समोरचा माणूस आपला वेळ फुकट देतो, हे लक्षात ठेवून काही गोष्टी पाळायला हव्यात. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. आपण कोण, कशासाठी आलो, किती मिनिटं लागतील हे आधी सांगायचं. ‘नको’ म्हटलं तर हसून पुढे जायचं. नाव आणि मोबाइल नंबर लागत नसेल तर घ्यायचाच नाही. २०२३ मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना विचारायचं असेल तर पालकांची परवानगी घ्यायची.

देवळालीसारख्या ठिकाणी आणखी एक काळजी : लष्करी भागात जायचं नाही, तिथले फोटो काढायचे नाहीत आणि प्रश्नावलीत लष्कराच्या कामाशी संबंधित काहीही विचारायचं नाही.

सगळं तयार झालं की शेवटची एक परीक्षा घ्यावी. बाहेर पडण्याआधी निकालाचा रिकामा तक्ता काढायचा. डाव्या बाजूला घरमालक आणि भाडेकरू, वर ‘सुधारेल’, ‘बिघडेल’, ‘तसंच राहील’, ‘सांगता येत नाही’. आता रिकाम्या चौकटींकडे बघून ग्रुपने स्वतःला विचारायचं : इथे कोणतेही आकडे आले, तर आपल्याला काय म्हणता येईल? दोन-तीन वेगवेगळ्या शक्यतांचं उत्तर सुचलं तर प्रश्न तयार आहे. काहीच सुचलं नाही, किंवा काहीही आलं तरी निष्कर्ष तोच राहणार असेल, तर अजून एक दिवस वर्गातच बसून प्रश्न पुन्हा लिहिलेला बरा. त्यात शंभर घरांचा वेळ वाचतो.